घरच्या खुराड्यातील पिलांची भाषा

परसातील खुराडे हे ग्रामीण घराचे एक जुने अंग आहे. दोन-चार कोंबड्या, एखादा कोंबडा आणि त्यांच्या मागेपुढे तुरुतुरु धावणारी पिले हे दृश्य कोकणापासून विदर्भापर्यंत कोणत्याही वाडीवस्तीवर आढळते. या कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्री करते आणि अंडी किंवा एखादा कोंबडा विकून आलेला पैसाही बहुधा तिच्याच हाती राहतो. मुलांच्या वह्या, किरकोळ औषधपाणी, सणावाराचा वरखर्च यांची तोंडमिळवणी त्यातून होते. खुराड्यात पिले जगली की मरली, हा प्रश्न म्हणूनच त्या घरापुरता तरी लहान नसतो.

घरात पिले वाढत असली की घरातील लहानथोरांची चांगली करमणूक होते. एखादे पिलू दोऱ्याचा तुकडा चोचीत धरून पळत सुटते आणि मोठे घबाड हाती लागल्याच्या समजुतीने बाकीची दहा पिले त्याच्या मागे लागतात. दुसरे एक पिलू चालता चालता जागीच कोसळते आणि मेल्यासारखे गाढ झोपते. तिसरे घरातील माणसाच्या पायावर चढून बसते व पाय हलला की ओरडून घर डोक्यावर घेते. या चाळ्यांकडे पाहून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु यातील प्रत्येक चाळ्यामागे शरीरधर्माचे किंवा उपजत स्वभावाचे निश्चित कारण असते. ते कारण ओळखता आले तर पिलाला थंडी वाजते आहे, भूक लागली आहे की रोगाने गाठले आहे, हे वेळीच कळते. परसातील कुक्कुटपालनात सर्वांत अधिक नुकसान पिलांच्या पहिल्या काही आठवड्यांतच होत असल्याने ही भाषा समजून घेणे अगत्याचे आहे.

आईविना वाढणारी पिले

गावठी कोंबडी अंडी देऊन झाली की खुडूक बसते, एकवीस दिवस अंडी उबवते आणि पिले निघाल्यावर त्यांना पंखाखाली घेऊन वाढवते. ऊब, अन्न आणि संरक्षण या तिन्ही गोष्टी ती एकटी पुरवते. घरच्या माणसांना रात्री डालग्याखाली झाकण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही.

सुधारित जातींच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली गिरिराज, हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयात विकसित झालेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती परसात वाढविण्यासाठीच तयार करण्यात आल्या. गावठी कोंबडीपेक्षा त्या अधिक अंडी देतात किंवा लवकर वजन धरतात. पण अधिक अंड्यांसाठी निवड करीत गेल्यावर खुडूक बसण्याची प्रवृत्ती कमी होत जाते. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबविते, हे त्याचे साधे कारण होय. अशा जातींची पिले यंत्रात उबविली जातात. महाराष्ट्रात पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे हे काम करीत आली आहेत. तेथून किंवा खाजगी केंद्रांतून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून घरी आलेल्या एक दिवसाच्या पिलाला आई नसते. आईचे काम घरच्या माणसाने करावयाचे असते आणि त्यासाठी आईला जी भाषा समजते ती माणसालाही समजावी लागते.

एक दिवसाचे पिलू इतका प्रवास कसा सहन करते, असा प्रश्न साहजिकच पडतो. अंड्यातून बाहेर पडण्याच्या सुमारास उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. ही शिदोरी त्याला दोन ते तीन दिवस पुरते. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून एक दिवसाची जिवंत पिले टपालाने स्वीकारण्यास सुरुवात केली, ती याच आधारावर. तरीही पिले घरी पोहोचताच त्यांना प्रथम पाणी आणि नंतर खाद्य मिळाले पाहिजे. शिदोरी आहे म्हणून उशीर केला तर अशक्त पिले मागे पडतात.

कवचाआडचा संवाद

पिलाचे बोलणे त्याच्या जन्मापूर्वीच सुरू होते. उबवणीच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत अंडे कानाशी धरले तर आतून बारीक टकटक व चिवचिव ऐकू येते. पिलाने अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घातलेली असते आणि फुप्फुसाने श्वास घेण्यास आरंभ केलेला असतो. खुडूक कोंबडी या आवाजाला हलक्या घोगऱ्या स्वराने उत्तर देते. अंड्यातील पिलू त्यावर शांत होते किंवा पुन्हा बोलते. अशा रीतीने आई आणि पिलू यांची ओळख प्रथम आवाजाने होते.

पिलाच्या वरच्या चोचीच्या टोकाला एक पांढरा कठीण कण असतो. त्याने कवच आतून फोडून पिलू बाहेर येते आणि काही दिवसांत हा कण गळून पडतो. कवचाला भोक पडल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत अनेक तास लागतात. मध्येच ते दमून स्वस्थ पडते. ही दिरंगाई पाहून दयाबुद्धीने कवच सोलण्याचा मोह आवरावा, कारण त्या विश्रांतीत बलक पोटात ओढला जाण्याचे काम चालू असते. घाईने सोललेल्या पिलाला रक्तस्राव होऊन ते दगावण्याचा संभव असतो.

माणसामागे धावणारे पिलू

घरात वाढलेले पिलू माणसाच्या पाठोपाठ स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत जाते, याचे अनेकांना कौतुक वाटते. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जी हलती वस्तू सतत समोर दिसते तिच्या मागे जाण्याची पिलाची उपजत प्रवृत्ती असते. निसर्गात ती वस्तू म्हणजे आई. आई नसेल तर माणसाचा पाय, मांजर किंवा दोरीने ओढलेला डबाही चालतो.

डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ मध्ये या प्रवृत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. काही पिलांच्या डोळ्यांवर त्याने जन्मतःच टोपी घातली होती. लवकर टोपी काढलेली पिले त्याच्या मागे धावू लागली. जवळजवळ चार दिवस टोपीत राहिलेली पिले मात्र त्याला पाहताच घाबरून दूर पळाली. ओळख जडण्याची वेळ ठरलेली असते आणि ती टळली की ओळखीच्या जागी भीती येते, हे त्यातून दिसून आले. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये बदके आणि हंसवर्गीय पक्ष्यांवरील अभ्यासातून हा विषय शास्त्रीय भूमिकेवर आणला. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांत लोरेन्झ होते.

या ज्ञानाचा उपयोग खेड्यातील अनुभवी स्त्रिया शास्त्राचे नाव न घेता करीतच असतात. घरात खुडूक कोंबडी असेल तर बाहेरून आणलेली एक दिवसाची पिले रात्रीच्या अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवितात. सकाळी कोंबडी त्यांना आपली मानते आणि पिलेही तिला आई समजतात. हेच पिले आठवड्याची झाल्यावर करू गेल्यास सहसा साधत नाही. कोंबडीखाली बदकाची अंडी उबविली तर पिले पाण्यात उतरतात आणि काठावरची कोंबडी कासावीस होऊन येरझारा घालते. ही गंमत ज्यांनी पाहिली आहे त्यांना आई-पिलाच्या ओळखीचे हे बंधन किती बळकट असते, हे वेगळे सांगावयास नको.

पिले माणसाच्या मागे येतात याचा व्यावहारिक फायदाही आहे. खाद्य घालताना रोज एकच हाक दिली किंवा पत्र्याचा डबा वाजविला तर थोड्याच दिवसांत पिले त्या आवाजावर गोळा होतात. सायंकाळी त्यांना खुराड्यात आणणे सोपे जाते आणि मोजदादही होते. त्याचबरोबर पायाखाली पिलू चिरडण्याचे अपघात याच सवयीमुळे घडतात, हेही घरातील सर्वांनी लक्षात ठेवावे.

चिवचिवीचे दोन सूर

पिलांचा कलकलाट ऐकून सर्व आवाज सारखेच आहेत, असा समज होतो. लक्ष देऊन ऐकल्यास त्यांत स्पष्ट भेद आढळतो. ऊब, अन्न आणि सोबत मिळालेली पिले मृदू, तुटक, भराभर आणि वर चढत जाणाऱ्या सुरात कुजबुजतात. थंडी, भूक किंवा एकटेपणाने व्याकूळ झालेले पिलू मोठ्या, तीक्ष्ण आणि खाली उतरत जाणाऱ्या सुरात एकसारखे ओरडते. निकोलस कोलायस व मार्टिन जूस या अमेरिकन अभ्यासकांनी १९५३ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने हा चढत्या-उतरत्या सुरांचा फरक दाखवून दिला.

कोंबडी या आवाजावरच विसंबून असते. १९३० च्या दशकात जर्मन भाषेत नोंदलेल्या एका प्रयोगात पाय बांधलेले पिलू काचेच्या घुमटाखाली ठेवले होते. ते धडपडताना आईला स्पष्ट दिसत होते, पण त्याचा आवाज बाहेर येत नव्हता. आईने त्याची दखलही घेतली नाही. तेच पिलू आडोशामागे, दृष्टीआड ठेवल्यावर त्याचा आक्रोश ऐकून ती धावून आली.

घरच्या माणसानेही हाच धडा घ्यावा. रात्री पिलांच्या खोक्यातून मोठा आक्रोश येऊ लागला तर तो कटकट समजून दार लावून घेऊ नये. दिवा गेला असेल, पाणी सांडून गादी ओली झाली असेल किंवा एखादे पिलू आडोशाबाहेर पडले असेल. कारण शोधून दूर केले की कलकलाट काही क्षणांत कुजबुजीवर येतो. मात्र संपूर्ण शांतता हेही नेहमीच समाधानाचे लक्षण नसते. अतिशय गारठलेली किंवा आजारी पिले ओरडेनाशी होतात.

उबेचा नकाशा

मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे त्याहून थोडे कमी असते आणि ते स्थिर राखण्याची शक्ती त्याच्यात नसते. अंगावरची मऊ लव थंडी अडविण्यास पुरी पडत नाही. खरी पिसे फुटेपर्यंत, म्हणजे साधारणपणे चार आठवडे आणि थंडीच्या दिवसांत त्याहून अधिक काळ, पिलाला बाहेरून ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंगाशी सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे ते दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करीत न्यावे, असा सर्वमान्य प्रघात आहे.

घरोघरी तापमापक नसतो. पण पिलांची बसण्याची तऱ्हा हाच तापमापक होय. दिव्याखाली सर्व पिले एकमेकांवर चढून ढीग करीत असतील तर ऊब कमी पडते आहे. दिव्यापासून दूर जाऊन, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकीत असतील तर उष्णता जास्त झाली आहे. सर्व पिले एकाच बाजूला सरकून बसली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे. काही दिव्याजवळ, काही दूर, काही खात, काही झोपलेली अशी सर्वत्र विखुरलेली असतील तर व्यवस्था योग्य आहे, असे समजावे. दिवा वर-खाली करून हा नकाशा काही मिनिटांत सुधारता येतो.

पिलांनी ढीग करणे हा दिसावयास गमतीचा प्रकार असला तरी तोच सर्वांत घातक ठरतो. खोक्याच्या कोपऱ्यात ढीग झाला की खालची पिले गुदमरून मरतात. यासाठी पुठ्ठा किंवा पत्रा गोल वळवून आडोसा करावा, म्हणजे कोपराच राहत नाही. ऊब देण्यासाठी पिलामागे सुमारे दोन वॅट या हिशेबाने पंचवीस-तीस पिलांना ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब चालतो. येथे एक नवी अडचण निर्माण झाली आहे. आता बहुतेक घरांत एलईडी दिवे आले आहेत. ते उजेड चांगला देतात. पण त्यांच्यापासून ऊब जवळजवळ मिळत नाही. खोक्यात लख्ख उजेड आहे आणि पिले मात्र गारठत आहेत, असा प्रकार त्यामुळे घडू शकतो. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी व वरून गोणपाट टाकून हवेसाठी फट राखावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे पिलांना आणि माणसांनाही जिवावरचे ठरते.

टोचणे, उकरणे आणि पळापळ

पिलू जन्मल्यावर काही तासांतच चोचीने टोचू लागते. ही कला त्याला शिकवावी लागत नाही. मात्र काय टोचावे याचा विवेक त्याच्याजवळ नसतो. जमिनीवरचा ठिपका, वर्तमानपत्रातील अक्षर, सोबत्याच्या पायाचे बोट, माणसाच्या हातावरचा तीळ, चमकणारे बटण या सर्वांवर ते सारख्याच उत्साहाने चोच मारते. खाण्याजोगे काय आणि टाकाऊ काय, हे ते अनुभवाने व आईच्या उदाहरणाने शिकते. आई 'टुक टुक' असा आवाज करीत दाणा उचलते व टाकते आणि पिले तो टिपतात.

आई नसेल तेथे हे काम बोटाने करता येते. पहिले दोन-तीन दिवस गादीवर जाडसर खरखरीत कागद अंथरून त्यावर भरडलेला मका किंवा पिलांचे खाद्य पसरावे व बोटाने टकटक करावी. चोचींचा आवाज ऐकून बाकीची पिलेही टिपू लागतात. एका पिलाने खाण्यास आरंभ केला की सर्व खोके खाऊ लागते. कागद गुळगुळीत असल्यास पिलांचे पाय फाकतात, म्हणून तो टाळावा. प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात अलगद बुडवावी. पिलू घोटभर पाणी घेऊन मान वर करते, कारण पाणी घशाखाली उतरविण्यासाठी त्याला मान उंचवावी लागते. पसरट भांड्यात पिले बुडून मरू नयेत म्हणून पाण्यात स्वच्छ खडे टाकून ठेवावेत.

दोऱ्याचा तुकडा घेऊन पळणाऱ्या पिलाचाही अर्थ यातच आहे. लांबट वस्तू दिसली की पिलाला ती गांडूळ वाटते. ते ती उचलून ओरडत पळते, दुसरी पिले पाठलाग करून हिसकावतात आणि तुकडा चोचीचोचीतून फिरत राहतो. बहुधा तो कोणीच खात नाही. खरे गांडूळ असले तर अशा ओढाताणीत त्याचे तुकडे होऊन ते गिळण्याजोगे बनते. हा खेळ निरोगी पिलांचा असतो. आजारी पिलू त्यात भाग घेत नाही. सुतळी, प्लॅस्टिकचा धागा व केस मात्र खोक्यात राहू देऊ नयेत, कारण ते पायात गुंततात किंवा पोटात अडकतात.

काही दिवसांचे पिलू सिमेंटच्या कोऱ्या जमिनीवरही दोन्ही पायांनी उकरते आणि मागे सरून पाहते. तेथे काही सापडणार नाही, हे त्याला ठाऊक नसते. उकरण्याची प्रेरणा मात्र जन्माची असते. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरलेली गादी तिला वाव देते. गादी अशी उकरली गेल्याने मोकळी व कोरडी राहते, हा त्यातील आणखी एक लाभ होय.

या लहानग्या डोक्यात केवळ उपजत प्रेरणाच असतात, असेही नाही. इटलीतील संशोधकांनी २००९ मध्ये काही दिवसांच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच सारख्या वस्तूंच्या सोबतीत वाढलेल्या पिलांसमोर त्या वस्तू दोन पडद्यांआड लपविण्यात आल्या आणि नंतर काही वस्तू एका पडद्यामागून दुसऱ्यामागे हलविण्यात आल्या. बहुतेक वेळा पिले ज्या पडद्यामागे अखेर अधिक वस्तू राहिल्या तिकडेच गेली. लहान संख्यांचा अधिक-उण्याचा हिशेब त्यांना न शिकविता जमत होता.

मेल्यासारखी झोप आणि धुळीतील अंघोळ

पिले वाढत्या शरीराला लागेल तशी दिवसातून अनेकदा झोपतात. धावता धावता थांबून, मान पुढे टाकून, पंख सैल सोडून पिलू जागीच आडवे होते. प्रथमच पाहणारा मनुष्य ते मेले असे समजतो. हलका आवाज केल्यास निरोगी पिलू ताडकन उठून पुन्हा धावू लागते. आजारी पिलू मात्र उभ्यानेच डोळे मिटते, पंख गळालेले ठेवते, अंग फुलविते आणि आवाज केला तरी जागचे हलत नाही. झोप आणि ग्लानी यांतील हा भेद प्रत्येक पाळणाऱ्याने डोळ्यांत साठवून ठेवण्यासारखा आहे.

पहिल्या एक-दोन आठवड्यांतच पिले कोरड्या मातीत कुशीवर लोळतात, पंखांनी धूळ अंगावर उडवितात आणि शेवटी उभी राहून अंग झाडतात. अपस्मारासारखा वाटणारा हा प्रकार म्हणजे त्यांची अंघोळ होय. धुळीने पिसांवरील जादा तेलकटपणा व उवा-पिसवा कमी होतात. त्यासाठी उथळ पाटीत कोरडी माती व थोडी चाळलेली राख ठेवावी. पिलांना पाण्याने अंघोळ घालण्याचा मुलांचा हौशी प्रयोग मात्र थांबवावा. भिजलेले पिलू गारठून हमखास आजारी पडते.

लुटुपुटूची लढाई आणि खरी मारामारी

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पिले समोरासमोर उभी राहून, मान ताठ करून एकमेकांवर उड्या मारतात. बहुतेक वेळा ही लढत इजा न होता संपते. पुढे सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास या लुटुपुटूच्या लढाईतून कळपातील मानाची उतरंड ठरते. कोणी कोणाला टोचावे व कोणी वाट सोडावी, हा क्रम एकदा ठरला की भांडणे कमी होतात. नॉर्वेचे थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे यांनी कोंबड्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९२० च्या दशकाच्या आरंभी ही उतरंड जगासमोर मांडली. ठरलेल्या कळपात मध्येच नवे पिलू सोडल्यास सर्वजण त्याच्यावर तुटून पडतात, ते याच कारणाने. नवी पिले काही दिवस जाळीआड शेजारी ठेवून मग मिसळावीत.

खेळातील टोचणे आणि रक्त काढणारे टोचणे यांत मात्र फरक आहे. गर्दी, अति प्रखर उजेड, उकाडा किंवा खाद्यातील प्रथिने व मीठ यांची कमतरता यांमुळे पिले एकमेकांची पिसे उपटू लागतात. एकदा लाल रक्त दिसले की सर्व पिले त्याच जागी चोच मारतात. जखमी पिलू तत्काळ वेगळे करून मूळ कारण दूर करावे.

गंमत संपते तेथे

काही हालचाली चाळ्यांसारख्या दिसतात, पण त्या रोगाच्या असतात. मान पिळवटणे, गोल गोल फिरणे, चोच उघडून घरघर श्वास घेणे व हिरवट-पांढरी हगवण ही राणीखेत ऊर्फ मानमोडी रोगाची लक्षणे होत. उत्तराखंडातील राणीखेत येथे १९२० च्या दशकात आढळल्यावरून त्याला हे नाव मिळाले. या विषाणूजन्य रोगावर उपचार नाही. लसीकरण हाच उपाय आहे. सामान्यतः पहिल्या आठवड्यात पहिली लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दुसरी टोचतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण झाल्यास ओली गादी हे मुख्य कारण समजावे. पायांची बोटे आत वळून पिलू घोट्यावर चालू लागले तर ब जीवनसत्त्वाची उणीव असण्याचा संभव असतो व ती वेळीच भरून काढता येते. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने हलकेच पुसून जागा कोरडी करावी आणि अशी पिले वाढू लागल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.

एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मरू लागले तर त्याची माहिती ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलणे, ओढ्यात टाकणे किंवा बाजारात नेणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे कार्य

लसीकरणात एक व्यावहारिक अडचण आहे. लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांना पुरेल इतकी असते, तर एका घरात दहा-पंधराच पक्षी असतात. कुपी फोडल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते आणि तोपर्यंत ती बर्फात ठेवावी लागते. एकट्या कुटुंबाला हे परवडत नाही; संपूर्ण वाडीने एक दिवस ठरविल्यास सहज जमते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून तारीख ठरवावी आणि आदल्या दिवशी दवंडी देऊन कोंबड्या सकाळी खुराड्यातच ठेवण्यास सांगावे. वस्तीवरील स्त्रियांच्या बचत गटांनी ही जबाबदारी घेतल्यास काम अधिक नेटके होईल. योजनेतून पिलांचे वाटप करताना ती केवळ मोजून देऊ नयेत. दिव्याखाली पिले कशी बसली म्हणजे काय समजावे, हे प्रत्यक्ष दाखविण्यास दहा मिनिटे लागतात आणि त्या दहा मिनिटांवर वाटपाचे यश बरेचसे अवलंबून असते.

शिक्षकांना या विषयात निरीक्षणाचा उत्तम पाठ मिळू शकतो. ज्यांच्या घरी पिले आहेत अशा विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज ठरावीक वेळी पिले कोठे बसली होती, कोणत्या सुरात ओरडत होती, किती वेळा झोपली, याची नोंद वहीत करावी आणि वर्गात ती पडताळून पाहावी. यासाठी खर्च लागत नाही. आठवडी बाजारात व जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडविलेली पिले खेळणी म्हणून विकली जातात. अंडी देणाऱ्या जातींतील नर पिले निरुपयोगी ठरतात. तीच बहुधा या व्यापारात येतात. उबेवाचून आणि सतत हाताळल्यामुळे त्यांतील बहुतेक थोड्याच दिवसांत दगावतात. पिलू हे खेळणे नव्हे, हे मुलांना उपदेशापेक्षा अशा नोंदवहीतून अधिक चांगले समजेल. पिलांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवयही त्याच वेळी लावावी, कारण पिलांच्या विष्ठेतून पोटाच्या विकारांचे जंतू माणसाला लागू शकतात.

पिलांच्या चाळ्यांकडे पाहून घरातील माणसे यापुढेही हसतील आणि त्यांनी हसावेच. त्या हसण्यात थोडे निरीक्षण मिसळले, तर दिव्याखाली ढीग करणारी पिले वेळीच पांगविली जातील, वाकडी झालेली मान वेळीच लक्षात येईल आणि खोक्यातून आलेल्या पिलांपैकी अधिक पिले अंड्यावर येईपर्यंत जगतील. परसातील खुराड्याची वाढ अखेर या लहानशा दक्षतेवरच अवलंबून आहे.